फुप्फुसाचा कॅन्सर आणि इम्युनोथेरपी: जमीन विकण्याआधी कोणते रिपोर्ट बघायचे

प्रश्न डोंबिवलीहून आला आहे. वडील बेस्टमधून निवृत्त झालेले ड्रायव्हर, वय ६३, अनेक वर्षांची सिगारेट. फुप्फुसाचा कॅन्सर निघाला, स्टेज चौथी. डॉक्टर म्हणाले, ‘केमोबरोबर इम्युनोथेरपी देऊ, पण खर्च मोठा आहे.’ मामेभावानं पवईच्या आयआयटीत तयार झालेल्या कार-टी उपचाराची बातमी पाठवली आहे. आई रोज सकाळी गुळवेलीचा काढा देते आहे. आणखी एका ठिकाणी ‘तुमच्याच रक्तातल्या पेशी वाढवून परत सोडतो’ असं सांगून काही लाखांचं कोटेशन हातात दिलं आहे. विचारणा अशी, की प्रतिकारशक्ती वाढवून कॅन्सर बरा होतो का, आणि त्यासाठी चिपळूणची जमीन काढावी का?

मी मुंबईत मेडिकल ऑन्कोलॉजी करतो आणि यातला जमिनीचा प्रश्न माझ्यासमोर बसून लोक विचारतच असतात. कधी जमीन, कधी आईच्या बांगड्या, कधी चाळीतली खोली. म्हणून उत्तर जरा लांबेल. आधी एवढं ऐका: या आठवड्यात काहीही विकू नका. बायॉप्सीच्या तुकड्यावर अजून दोन-तीन तपासण्या व्हायच्या असणार. त्या आल्याशिवाय इम्युनोथेरपी द्यावी की नाही हे कोणालाच ठरवता येणार नाही, मलाही नाही.

प्रतिकारशक्ती ‘वाढवण्या’बद्दल. चांगले धडधाकट, वर्षानुवर्षं साधा सर्दीताप न झालेले लोक मला ट्यूमर घेऊन भेटतात. शरीरात ताकद कमी पडली म्हणून हे होत नाही. आपल्या प्रत्येक पेशीत जी प्रथिनं बनतात, त्यांचे लहान लहान तुकडे ती पेशी आपल्या पृष्ठभागावर मांडून ठेवते. टी-पेशी, म्हणजे रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा एक प्रकार, फिरत फिरत हे तुकडे तपासतात. ओळखीचे निघाले तर पुढे जातात, परके वाटले तर त्या पेशीला मारतात. कॅन्सरच्या पेशीत जनुकं बिघडलेली असतात, त्यामुळे तिचे काही तुकडे वेगळे दिसतात. तंबाखूच्या धुरानं झालेल्या फुप्फुसाच्या ट्यूमरमध्ये असे बिघाड भरपूर, मेलॅनोमा या त्वचेच्या कॅन्सरात उन्हामुळे भरपूर. स्वादुपिंडाच्या ट्यूमरमध्ये कमी. इम्युनोथेरपी कुठे चालते आणि कुठे आपटते, याचं निम्मं उत्तर इथेच आहे. वडिलांची सिगारेट शरीराला वाईट ठरली, पण या एका बाबतीत ती त्यांच्या बाजूनं झुकू शकते. विचित्र आहे, पण खरं आहे.

मग टी-पेशी आपलं काम करत का नाहीत? पुष्कळदा करत असतात. ट्यूमर आणि प्रतिकारयंत्रणा वर्षानुवर्षं एकमेकांना धरून राहतात, कोणी जिंकत नाही. स्कॉटलंडमधली एक घटना २००३ साली प्रसिद्ध झाली. एका बाईचा मेलॅनोमा १६ वर्षांपूर्वी काढला होता, सगळ्यांच्या मते ती बरी झाली होती. ती वारल्यावर तिची मूत्रपिंडं दोघांना बसवली आणि त्या दोघांनाही मेलॅनोमा झाला. तिच्या शरीरात तो इतकी वर्षं दाबून ठेवलेला होता. प्रत्यारोपणानंतरच्या औषधांनी प्रतिकारयंत्रणा मंदावलेल्या दोन शरीरांत गेल्यावर तो उसळला. ट्यूमर शरीराला दिसत नाही असं नाही. दिसतो, बराच काळ आवरलाही जातो, आणि मग निसटायला शिकतो.

निसटतो कसा? रोज लोकलनं जाणाऱ्याला हे पटकन कळेल. टीसी समोर आला की एखादा इसम खिशात हातही न घालता ‘स्टाफ’ म्हणतो आणि टीसी पुढच्या माणसाकडे वळतो. कॅन्सरची पेशी पृष्ठभागावर पीडी-एल१ नावाचं प्रथिन आणते, ते टी-पेशीच्या पीडी-१ या रिसेप्टरला (पेशीवरच्या, इशारा घेणाऱ्या प्रथिनाला) लागतं आणि टी-पेशी मारायचं थांबवून पुढे सरकते. ही सोय कॅन्सरसाठी बनलेली नाही. टी-पेशींनी आपल्याच आतड्यावर, सांध्यांवर, थायरॉइडवर तुटून पडू नये म्हणून शरीरानं ती ठेवली आहे. कॅन्सर फक्त तिचा गैरवापर करतो. जपानच्या तासुकू होंजो यांच्या प्रयोगशाळेनं पीडी-१ १९९२ मध्ये शोधला. अमेरिकेत जेम्स ॲलिसन यांनी सीटीएलए-४ या अशाच दुसऱ्या रिसेप्टरवर काम केलं, आणि २०१८ चं नोबेल दोघांना मिळून मिळालं. २०२५ चं नोबेलही याच वाटेवरचं आहे. टी-पेशींना आवरणाऱ्या रेग्युलेटरी टी-पेशींच्या शोधासाठी ते शिमोन साकागुची, मेरी ब्रंको आणि फ्रेड रॅम्सडेल यांना मिळालं. ट्यूमरमध्ये या आवरणाऱ्या पेशी अनेकदा गर्दी करून असतात.

तुमच्या डॉक्टरांनी सुचवलेलं औषध, म्हणजे पेम्ब्रोलिझुमॅब, निव्होलुमॅब किंवा त्याच जातीचं दुसरं, पीडी-१ आणि पीडी-एल१ यांची ही गाठ पडूच देत नाही. ते स्वतः कॅन्सर मारत नाही. मारायची ती टी-पेशीच मारते. म्हणून ट्यूमरमध्ये टी-पेशी पोचलेल्याच नसतील तर हे औषध कितीही दिलं तरी उपयोग नाही, आणि पोचून अडलेल्या असतील तर कधीकधी असा परिणाम दिसतो, की सीटी स्कॅन बघताना नाव पुन्हा वाचून खात्री करावी लागते.

प्रतिकारयंत्रणेला कॅन्सरवर सोडायची कल्पना नवी नाही. न्यूयॉर्कचे सर्जन विल्यम कोली यांनी १८९१ मध्ये सार्कोमाच्या (हाडा-मांसाच्या कॅन्सरच्या) रुग्णाला मुद्दाम जंतू टोचले होते, कारण तापाच्या संसर्गानंतर एकाची गाठ विरघळल्याचं त्यांनी पाहिलं होतं. आणि तुमच्या दंडावर ज्या बीसीजीचा वण आहे, ती लस १९७६ पासून मूत्राशयाच्या वरवरच्या कॅन्सरमध्ये नळीवाटे थेट मूत्राशयात सोडली जाते, साधारण आठवड्याला एक याप्रमाणे सहा आठवडे. आजही तिथे तिला तोड नाही. मुंबईतले यूरोलॉजिस्ट ती रोज देतात, पण तिला ‘इम्युनोथेरपी’ म्हणून कोणी मिरवत नाही, कारण ती स्वस्त आहे.

आता तुमच्या हातातल्या फाइलकडे. बायॉप्सीच्या रिपोर्टमध्ये ट्यूमरचा प्रकार बघा. ‘अ‍ॅडिनोकार्सिनोमा’ असेल तर ईजीएफआर, एएलके आणि आरओएस१ या जनुकांची तपासणी झालीच पाहिजे, शक्यतो एनजीएस, म्हणजे एकाच वेळी बरीच जनुकं तपासणारी. ‘स्क्वॅमस’ असेल तर या बदलांची शक्यता खूप कमी, तरी डॉक्टरांना विचारा. भारतात फुप्फुसाच्या अ‍ॅडिनोकार्सिनोमाच्या जवळपास चौथ्या हिश्श्याच्या रुग्णांत ईजीएफआरचा बदल सापडतो. सिगारेट न ओढणाऱ्यांत जास्त, पण ओढणाऱ्यांतही सापडतो. तो सापडला तर इम्युनोथेरपी बाजूला ठेवायची आणि त्या बदलावरची गोळी सुरू करायची. त्या ट्यूमरमध्ये इम्युनोथेरपी फारशी चालत नाही. शिवाय आधी इम्युनोथेरपी देऊन मागाहून ओसिमर्टिनिब ही गोळी दिली तर फुप्फुसाला गंभीर सूज येण्याचा धोका वाढतो. चुकीच्या क्रमानं दोन्ही चांगली औषधं वाया जातात. ओसिमर्टिनिब महाग आहे, पण जुनी गेफिटिनिब ही गोळी जेनेरिकमध्ये महिन्याला काही हजारांत मिळते. म्हणजे ज्यासाठी जमीन विकायला निघालात, त्याची गरजच नसण्याची शक्यता या एका रिपोर्टमध्ये आहे.

दुसरी तपासणी पीडी-एल१ ची. त्याच ब्लॉकच्या, म्हणजे बायॉप्सीचा तुकडा मेणात बसवून केलेल्या वडीच्या, कापावर रंग चढवून किती टक्के कॅन्सर-पेशींवर हे प्रथिन आहे ते पॅथॉलॉजिस्ट सांगतात. ५० किंवा त्याहून जास्त असेल तर केमोशिवाय एकटी इम्युनोथेरपीही देता येते. त्याखाली असेल तर केमोबरोबर. शून्य आला म्हणून दार बंद होत नाही, पण फायदा लहान होतो. ५० किंवा त्याहून जास्त टक्क्याच्या रुग्णांत नुसतं पेम्ब्रोलिझुमॅब आणि नुसती केमो यांची तुलना झाली, तेव्हा पाच वर्षांनी पहिल्या गटातले सुमारे ३२ टक्के आणि दुसऱ्यातले सुमारे १६ टक्के लोक हयात होते, आणि केमोच्या गटातल्या बऱ्याच जणांना मागाहून इम्युनोथेरपी मिळालेली होती. अ‍ॅडिनोकार्सिनोमाच्या जातीच्या ट्यूमरमध्ये कोणताही टक्का चालेल असं धरून केमोत पेम्ब्रोलिझुमॅब घातलं, तर पाच वर्षांचा आकडा सुमारे ११ वरून १९ टक्क्यांवर गेला. चौथ्या स्टेजच्या फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये पाच वर्षांबद्दल बोलणं हेच मी शिकत होतो तेव्हा हास्यास्पद वाटलं असतं. तरी आकडा सरळ वाचा. जास्त टक्क्याच्या गटातही तीनपैकी दोन माणसं पाच वर्षांनी नाहीत. कोणी ‘इम्युनोथेरपीनं बरे होतील’ असं म्हटलं तर त्याला हा आकडा विचारा.

ब्लॉकबद्दल एक व्यवहाराची गोष्ट. फुप्फुसाची बायॉप्सी सुईनं घेतलेली, केसाएवढे तुकडे असतात. लॅबनं नको त्या दहा तपासण्यांवर ते खर्च केले तर कामाच्या तपासणीला काही उरत नाही. लॅबला लेखी सांगा की ब्लॉक राखून ठेवा. दुसऱ्या हॉस्पिटलात दाखवायला जाताना ब्लॉक आणि स्लाइड मागून घ्या, पावतीवर सही करून मिळतात. तुकडा पुरला नाही तर काही जनुकांसाठी रक्ताची तपासणीही चालते.

रिपोर्ट यायला दोन-तीन आठवडे लागतात आणि तेवढ्यात बाबांना धाप लागते आहे, मग काय? पहिली सायकल, म्हणजे उपचाराची पहिली फेरी, नुसत्या केमोची द्यायची. ती स्वस्त आहे, आराम लवकर देते, आणि रिपोर्ट आला की दुसऱ्या सायकलपासून इम्युनोथेरपी जोडता येते. घाईघाईत पहिल्याच दिवशी सगळं सुरू करायचा आग्रह धरू नका, उलट डॉक्टरांनाच हा पर्याय विचारा. बहुतेक जण लगेच हो म्हणतील.

आता पैसे. ठरलेला डोस पेम्ब्रोलिझुमॅबचा २०० मिलिग्रॅम, दर तीन आठवड्यांनी. कुपी १०० मिलिग्रॅमची, म्हणजे दर वेळी दोन कुप्या, आणि एकेका सायकलचा खर्च लाखांत. मात्र सुरुवातीच्या मोठ्या चाचण्यांत डोस वजनावर होता: किलोमागे २ मिलिग्रॅम. फुप्फुसाच्या कॅन्सरच्या एका चाचणीत किलोमागे २ आणि किलोमागे १० असे दोन डोस समोरासमोर ठेवले आणि परिणामात फरक पडला नाही. सरसकट २०० हा आकडा नंतर सोयीसाठी आला, आणि तो सोयीचा आहे तो शंभर किलोच्या माणसाला. तुमच्या बाबांचं वजन आता ५० च्या आसपास असेल तर वजनानुसार डोस एका कुपीत बसतो. कॅनडासारख्या श्रीमंत देशातही वजनावरचा डोस वापरतात. तुमच्या डॉक्टरांना हे स्पष्ट विचारा. त्यांना राग येणार नाही, आणि आला तर तोही एक रिपोर्टच समजा.

याच्याही पुढे जाणारं काम परळला झालं आहे, आणि मुंबईच्या डॉक्टरांनी जगाला दिलेल्या गोष्टींत मी ते वरच्या ओळीत ठेवीन. टाटा मेमोरियलमध्ये तोंड-घशाच्या कॅन्सरचे रुग्ण लोंढ्यानं येतात. गुटखा, खैनी, मशेरी, सगळं आहे. आजार परत आल्यावर यांना इम्युनोथेरपी द्यायची, तर ठरलेल्या डोसात ती शंभरातल्या दोन-चार जणांना परवडायची. विजय पाटील, कुमार प्रभाष आणि सहकाऱ्यांनी निव्होलुमॅब दर तीन आठवड्यांना फक्त २० मिलिग्रॅम दिलं. नेहमीचा डोस दर दोन आठवड्यांना २४० मिलिग्रॅम असतो, म्हणजे हा दहावा हिस्सासुद्धा नाही. सोबत कमी डोसाच्या तोंडी गोळ्यांची केमो: मेथोट्रेक्सेट, सेलेकॉक्सिब, एर्लोटिनिब. दुसऱ्या गटाला नुसत्या गोळ्या. एका वर्षानं हयात असलेल्यांचं प्रमाण १६ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेलं. एकूण १५१ रुग्ण होते, चिठ्ठी टाकावी तशा पद्धतीनं दोन गटांत वाटलेले, त्यामुळे हा कोणाचा ‘अनुभव’ नाही, पुरावा आहे.

इतक्या कमी औषधात हे कसं जमतं? कारण रिसेप्टर मोजकेच असतात. थोडं औषध पोचलं की ते व्यापले जातात आणि आठवडे तसेच राहतात. जास्तीचं औषध रक्तात नुसतं फिरतं. केमोत ‘जितका सोसेल तितका डोस’ हा जुना हिशेब होता, तोच या औषधांना लावला गेला, आणि कंपन्यांना त्यात अडचण वाटण्याचं कारण नव्हतं.

हा पुरावा तोंड-घशाच्या कॅन्सरचा आहे, आणि आजार परतलेल्या, बरं होण्यापलीकडे गेलेल्या रुग्णांचा. फुप्फुसात मी आधी वजनावरचा डोस सुचवतो. तोही झेपणार नसेल तर काहीच न देण्यापेक्षा कमी डोस द्यावा, या बाजूचा मी आहे. माझे काही सहकारी सहमत नसतात. वाद चांगला आहे, पण तो रुग्णासमोर उघड व्हावा.

इम्युनोथेरपी किती काळ? फुप्फुसाच्या चाचण्यांत जास्तीत जास्त ३५ सायकली, म्हणजे दोन वर्षं. जन्मभर नाही. आणि ३५ सायकलींचे पैसे पहिल्या दिवशी हातात असायला हवेत असंही नाही. पहिल्या तीन-चार सायकलींची सोय करा. मग सीटी. ट्यूमर आटला किंवा थांबला असेल तर पुढचं बघा, वाढला असेल तर बंद. क्वचित टी-पेशींच्या गर्दीनं गाठ आधी फुगलेली दिसते आणि मग आटते, पण फुप्फुसात हे फारच थोड्यांत होतं. माणूस खंगत चाललाय, वजन उतरतंय आणि स्कॅनही वाढलाय, तर ‘आतून काम चालू आहे’ या दिलाशावर पुढच्या कुप्या विकत घेऊ नका.

सरकारी आणि धर्मादाय मदतीबद्दल: हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागात, म्हणजे मेडिकल सोशल वर्करकडे, पहिल्याच आठवड्यात जा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत तुमच्या उपचाराचा कोणता भाग बसतो, मुख्यमंत्री सहायता निधीचा अर्ज, सिद्धिविनायकसारख्या न्यासांची मदत, औषध कंपनीची ‘इतक्या कुप्यांवर इतक्या मोफत’ ही योजना, हे सगळं तिथे कळतं. निवृत्त कर्मचाऱ्याची वैद्यकीय सवलत असेल तर तीही तपासा. कॅन्सरच्या रुग्णाला लोकलच्या दिव्यांगांच्या डब्यातून जाता येतं. डोंबिवलीहून परळला सकाळी ८ च्या गर्दीत केमोसाठी न्यायचं म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको.

दुष्परिणामांकडे लोक केमोच्या नजरेनं बघतात आणि तिथे गफलत होते. केस जात नाहीत, उलट्या सहसा नाहीत, म्हणून ‘काही त्रास नाही’ असं वाटतं. पण मोकळ्या झालेल्या टी-पेशी शरीराच्या कुठल्याही भागावर उलटू शकतात. थायरॉइड मंदावणं पुष्कळांना होतं, त्याला गोळी आहे. मोठ्या आतड्याला सूज आली की जुलाब. मुंबईत पावसाळ्यात जुलाब म्हटलं की लोक पाणीपुरीला दोष देतात आणि मेडिकलमधून गोळ्या घेतात. इम्युनोथेरपी चालू असलेल्या माणसाला दिवसात नेहमीपेक्षा चार किंवा त्याहून अधिक वेळा जादा जावं लागलं तर त्याच दिवशी ऑन्कोलॉजिस्टला फोन करायचा. नवा खोकला किंवा धाप म्हणजे फुप्फुसाची सूज असू शकते, टीबी असू शकतो, किंवा कॅन्सरच वाढलेला असू शकतो, आणि तिघांचे उपचार वेगवेगळे. आपल्याकडे दबलेला टीबी कितीतरी लोकांत असतो आणि या औषधांवर तो जागा झालेला आम्ही पाहतो. म्हणून सुरू करण्याआधी जुना टीबी झाला होता का, घरात कोणाला आहे का, हे डॉक्टरांनी विचारलं नाही तर तुम्ही सांगा. यकृताला सूज, अचानक वाढलेली साखर, अ‍ॅड्रिनल ग्रंथी मंदावल्यानं येणारी विलक्षण मरगळ, क्वचित हृदयाच्या स्नायूला सूज. शेवटची दुर्मीळ, पण जीवघेणी.

यांवर मुख्य उपाय स्टिरॉइड, तेही भरपूर, किलोमागे एक-दोन मिलिग्रॅम, आणि मग सावकाश आठवड्यांत उतरवायचं. वेळेवर दिलं तर बहुतेक जण सावरतात. उलट बाजूनं, इम्युनोथेरपी सुरू करताना आधीच अंगात रोजचं १० मिलिग्रॅमहून जास्त प्रेडनिसोलोन असेल तर परिणाम कमी दिसतो. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी दम्याला किंवा भूक लागावी म्हणून दिलेली ‘छोटी पांढरी गोळी’ काय आहे ते नाव वाचून घ्या. बाबांच्या पाकिटात एक चिठ्ठी ठेवा: औषधाचं नाव, शेवटची तारीख, ऑन्कोलॉजिस्टचा नंबर. रात्री डोंबिवलीत कॅज्युअल्टीत नेलं तर तिथल्या तरुण डॉक्टरला हे कळलं पाहिजे. हे दुष्परिणाम औषध बंद झाल्यावर काही महिन्यांनीही उगवतात, म्हणून चिठ्ठी लगेच फेकू नका.

गुळवेल. आईंना दुखवायचं नाही, पण हा काढा बंद करा. २०२१ मध्ये मुंबईतल्याच यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेणाऱ्या सहा जणांत यकृताला झालेल्या इजेची नोंद प्रसिद्ध केली. इजेचं स्वरूप असं होतं, की शरीराची प्रतिकारयंत्रणाच यकृतावर उलटली आहे. आयुष मंत्रालयानं तेव्हा त्यावर आक्षेप घेतला होता आणि तो वाद तज्ज्ञांचा तज्ज्ञांशी चालू राहील. मला त्यात पडायची गरज नाही. माझी अडचण साधी आहे. इम्युनोथेरपीनं होणारी यकृताची सूज रक्ततपासणीत अशीच दिसते. यकृताच्या तपासणीतला एसजीपीटी ४०० आला की मला ठरवायचं असतं, औषध थांबवायचं की नाही. घरात काढा चालू असेल तर ते ठरवता येत नाही, आणि मग लाखांचं औषध एका काढ्यापायी बंद करावं लागतं. आईंना काहीतरी करायचंय, हे मी समजतो. प्रथिनं करायला सांगा. अंडी, मासे, डाळ, नाचणीची आंबील, चालेल ते. वजन टिकलं तर उपचार झेपतो, हे मात्र त्यांच्या हातात खरोखर आहे.

मामेभावाच्या बातमीबद्दल. बातमी खरी आहे आणि अभिमानाची आहे. रुग्णाच्या टी-पेशी काढायच्या, विषाणूच्या मदतीनं त्यांच्यात एक नवं जनुक घालायचं, वाढवायच्या आणि परत सोडायच्या. असा उपचार २०१२ मध्ये अमेरिकेत एमिली व्हाइटहेड या लहान मुलीला ल्युकेमियासाठी दिला गेला आणि ती आज मोठी झाली आहे. पवईच्या आयआयटीत राहुल पुरवार आणि त्यांच्या गटानं टाटा मेमोरियलबरोबर देशी कार-टी बनवली, जून २०२१ मध्ये टाटाच्याच खारघरच्या ॲक्ट्रेकमध्ये पहिल्या रुग्णाला दिली, ऑक्टोबर २०२३ मध्ये तिला परवानगी मिळाली, नाव नेक्सकार१९. अमेरिकेत हा उपचार तीन कोटींच्या घरात जातो, इथे त्याच्या लहानशा हिश्श्यात. प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सुमारे ७३ टक्के रुग्णांना फायदा दिसला, तेही सगळे उपचार हरलेल्यांत.

पण ती बी-पेशींच्या, म्हणजे अँटिबॉडी बनवणाऱ्या पांढऱ्या पेशींच्या, ल्युकेमिया आणि लिम्फोमासाठी आहे. त्या पेशींवर सीडी१९ नावाची खूण असते आणि कार-टी ती खूण बघून मारते. चांगल्या बी-पेशीही मरतात, पण त्यांच्यावाचून माणूस जगतो. हवं तर अँटिबॉडी बाहेरून देतात. फुप्फुसाच्या ट्यूमरवर अशी खूण सापडत नाही, जी नसली तरी चालेल अशाच पेशींवर असेल. ट्यूमरवरची बहुतेक प्रथिनं निरोगी फुप्फुसावर, हृदयावर, आतड्यावरही असतात. शिवाय घट्ट गाठीच्या आत शिरून टिकणं त्या पेशींना अजून जमत नाही. मामेभावाला सांगा, बाबांना याचा उपयोग नाही, आणि पुढची लिंक पाठवायच्या आधी आजाराचं नाव जुळवून बघ.

त्या काही लाखांच्या कोटेशनबद्दल मी कडक बोलणार आहे. ‘तुमच्या पेशी वाढवून सोडतो’ हे वाक्य कार-टीसारखं ऐकू येतं, पण तसं नाही. तीन गोष्टी लेखी मागा. या आजारासाठी केंद्रीय औषध नियंत्रकांची परवानगी. नसेल आणि ही चाचणी आहे असं म्हणत असतील तर सीटीआरआयवरचा, म्हणजे देशातल्या औषध-चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीतला, नोंदणी क्रमांक. आणि चाचणी असेल तर पैसे कसले मागता, कारण चाचणीतल्या औषधाचे पैसे रुग्णानं द्यायचे नसतात. यांची उत्तरं देताना समोरचा माणूस बरे झालेल्या रुग्णांचे व्हिडिओ दाखवायला लागला तर उठून या.

लसींबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण मामेभाऊ पाठवेलच. रुग्णाच्या ट्यूमरमधले बिघाड वाचून त्याच्यापुरती एमआरएनए लस बनवायची, हे काम मेलॅनोमात पुढे गेलं आहे. पेम्ब्रोलिझुमॅबबरोबर दिल्यावर ऑपरेशननंतर आजार परतण्याचा धोका ४४ टक्क्यांनी कमी दिसला. तेही गाठ काढून झालेल्या लोकांत. गुदाशयाच्या एका विशिष्ट प्रकारच्या ट्यूमरमध्ये, ज्यात डीएनए दुरुस्तीची यंत्रणा बिघडलेली असते, २०२२ मध्ये डोस्टार्लिमॅबनं पहिल्या बाराच्या बारा रुग्णांत गाठ नाहीशी झाली, ऑपरेशनही लागलं नाही. तेव्हा आमच्या ओपीडीत प्रत्येक जण ती बातमी घेऊन येत होता. गुदाशयाच्या कॅन्सरच्या शंभरातल्या पाच-दहा जणांनाच ती लागू पडते. पण घरात कोणाला असला तर ‘एमएमआर’ ही त्या दुरुस्तीच्या यंत्रणेची तपासणी करून घ्या. ती साधी आहे, महाग नाही, आणि त्या पाच-दहांत असलात तर सगळंच बदलतं.

म्हणजे तुम्ही आता करायचं ते असं. काढा बंद, आणि इम्युनोथेरपी सुरू करण्याआधीची रक्ततपासणी: यकृत, थायरॉइड, साखर. ब्लॉक राखून ठेवायला लॅबला पत्र. ईजीएफआर, एएलके, आरओएस१ आणि पीडी-एल१ झाले नसतील तर डॉक्टरांना विचारून पाठवा. धाप असेल तर केमो आधी सुरू होऊ दे. सोशल वर्करची भेट. जमिनीचे कागद तूर्त कपाटातच राहू द्या. सातबारावर नाव कोणाकोणाचं आहे ते मात्र आता बघून ठेवा, कारण विकायची वेळ आलीच तर चुलत्यांच्या सह्यांना तीन महिने लागतात आणि घाईत भाव पडतो.

रिपोर्ट आले की चारही निकाल लिहून पाठवा, पीडी-एल१ चा टक्का आकड्यात. आणि बाबांचं आजचं वजन, चपला काढून केलेलं.